पटाचारेची शुद्ध आणि आमची प्रवचने

वर्षावासात मंगळवार पेठेतील आमच्या वाचनमंडळात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. अशाच एका वाचनानंतर पटाचारा थेरीवर प्रवचन झाले. वक्त्यांनी कथा रंगवून सांगितली आणि समारोप नेहमीप्रमाणे केला: तथागतांचा एक शब्द कानी पडला आणि वेडी झालेली स्त्री शुद्धीवर आली. तेव्हा मागे बसलेल्या एका भगिनीने विचारले, "तिला एका शब्दात शुद्ध आली. माझं घर २०१९ च्या पुरात डोळ्यांदेखत बसलं. अजून पाऊस लागला की भिंत पडल्याचा आवाज येतोय, रात रात डोळा लागत न्हाई. माझीच श्रद्धा कच्ची हाय व्हय?"

सभेत कोणालाही उत्तर देता आले नाही. हा दोष त्या भगिनीच्या श्रद्धेचा नसून आमच्या कथनाचा आहे, असे आमचे मत झाले. म्हणून त्या कथेचेच परीक्षण येथे करीत आहोत.

प्रथम मूळ ग्रंथ पाहू. थेरीगाथेतील पटाचारेच्या स्वतःच्या गाथांत तिच्या आपत्तीचा उल्लेखच नाही. वाटेत प्रसूती, पतीचा आणि दोन मुलांचा मृत्यू, एकाच चितेवर जळणारे आई, बाप व भाऊ हे वर्णन येते ते किसा गोतमीच्या गाथांत. पटाचारेची म्हणून सांगितली जाणारी सविस्तर कथा अट्ठकथांतील, म्हणजे कित्येक शतकांनंतरची आहे. त्या कथेत सर्पदंशाने पती मरतो, तान्हे मूल ससाणा उचलून नेतो, त्याला हाकलण्यासाठी आईने केलेला आरडाओरडा ही हाक समजून थोरला मुलगा पाण्यात उतरतो व वाहून जातो, आणि त्याच वादळी रात्री श्रावस्तीत माहेरचे घर कोसळते. पंचगंगा व कृष्णाकाठच्या वाचकास ही केवळ पुराणकथा वाटणार नाही. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर आपण पाहिले आहेत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट मानली जाते. २०१९ साली पाणी ५५ फुटांच्या वर गेले. त्याच वर्षी ८ ऑगस्ट रोजी ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसे बाहेर काढणारी नावच उलटली.

आता कथेतील क्रम पाहू. पटाचारा जेतवनात येते तेव्हा लोक तिला वेडी म्हणून अडवू पाहतात. तथागत तिला येऊ देतात. ते तिला भगिनी म्हणतात आणि भान परत आणण्यास सांगतात. कोणी एक उपासक आपले उत्तरीय तिच्या अंगावर टाकतो. मग ती घडलेले सारे स्वतःच्या तोंडाने सांगते, आणि त्यानंतर उपदेश होतो. त्याच दिवशी तिला स्रोतापत्ती लाभली, असे अट्ठकथा म्हणते. परंतु कथा तेथे संपत नाही. ती भिक्षुणीसंघात राहिली. पुढे एके दिवशी पाय धुताना उताराकडे वाहणारे पाणी ती एकाग्रतेने पाहते. तिच्या गाथांत चित्ताची मुक्ती येते ती त्यानंतर. मुले गमावलेल्या अनेक स्त्रियांना तिने धीर दिला, अशी परंपरा थेरीगाथेतच आहे. प्रवेश, वस्त्र, कथन, उपदेश, संघ आणि काळ अशा सहा गोष्टींतून आमच्या प्रवचनांनी एकच उचलली. उरलेल्या पाच गाळल्यामुळे करुणेची कथा चमत्काराची झाली. अट्ठकथांतील पूर्वजन्मीच्या कथांचा आधार घेऊन आपत्तीला पूर्वकर्माचे फळ ठरविणे तर त्याहून गंभीर आहे. ज्या उपपत्तीने आमच्या पूर्वजांची अस्पृश्यता समर्थनीय ठरविली, तीच आपद्ग्रस्तांच्या माथी मारणे बाबासाहेबांच्या अनुयायांस शोभत नाही.

अट्ठकथा हा वैद्यकग्रंथ नव्हे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. त्या भगिनीने सांगितलेल्या त्रासाची तपासणी वैद्यकानेच करावयाची आहे. वैद्यकशास्त्रात त्यास आघातोत्तर ताणविकार असे नाव आहे. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या अनुभवानंतर, १९८० साली अमेरिकन मनोविकार संघटनेने त्याची स्वतंत्र नोंद केली. घटना पुनःपुन्हा डोळ्यांपुढे उभी राहणे, तिची आठवण देणारे सर्व टाळणे, सतत दचकणे, झोप उडणे ही लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकली, तर तपासणी करून घेतली पाहिजे. आपत्तीनंतर बहुतेक माणसे काळाने सावरतात. ज्यांना ते साधत नाही ती दुर्बळ नसतात.

यावर उपचार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली आघातावर केंद्रित विचार-वर्तन उपचार आणि डोळ्यांच्या हालचालींच्या साहाय्याने केला जाणारा 'ईएमडीआर' उपचार यांची शिफारस केली. पहिल्यात रुग्ण सुरक्षित जागी, प्रशिक्षित व्यक्तीसमोर, घडलेले क्रमाने व पुनःपुन्हा सांगतो. टाळलेल्या जागांकडे पायरीपायरीने परत जातो. 'दोष माझाच' यासारखे विचार तपासून पाहतो. काहींना औषधांचाही उपयोग होतो. मात्र झोपेच्या गोळ्यांनी मूळ विकार बरा होत नाही. पटाचारेचे कथन आणि पायाशी वाहणारे ते थोडेसे पाणी यांचे या पद्धतीशी साम्य दिसते. परंतु म्हणून आधुनिक उपचार आमच्या ग्रंथांत आधीच होता, असा दावा आम्ही करणार नाही.

'दहा दिवस ध्यानास बसा, सर्व जाईल' हा सल्लाही तपासला पाहिजे. ध्यानाचा लाभ अनेकांना होतो. पण दीर्घ मौनात काहींच्या आठवणी अधिक उसळतात. विनयपिटकातच याचा इशारा आहे. वैशालीत अशुभभावना करताना भिक्षूंना देहाची शिसारी आली आणि त्यांनी जीव दिले. पंधरा दिवसांच्या एकांतवासातून बाहेर आल्यावर तथागतांनी संघ विरळ का झाला, असे विचारले आणि आनापानसती शिकविली. भिक्षूंची श्रद्धा कच्ची होती, असे ते म्हणाले नाहीत. त्यांनी पद्धती बदलली. शास्त्याने जे केले ते शिष्यांनी करण्यात कमीपणा कसला?

बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात दुःखितांचे सांत्वन आणि रुग्णांची काळजी हे विषय बुद्धांच्या मानवतेच्या प्रकरणात घेतले आहेत. तेथे तथागत अतिसाराने पडलेल्या भिक्षूस आनंदासह स्वतः स्वच्छ करतात. विहाराचे काम यातच सांगितलेले आहे: दार अडवू नये, वस्त्र द्यावे, ऐकून घ्यावे, आणि रुग्णास वैद्यापर्यंत पोहोचवावे. मानसिक आरोग्य अधिनियम, २०१७ अन्वये शासनाच्या सेवेतून असा उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. २०२२ साली सुरू झालेली 'टेली-मानस' दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

पुढच्या रविवारी त्या भगिनीस आम्ही आमची चूक सांगितली. तिने एवढेच विचारले, "दवाखान्यात संगं कोण येनार?" मंडळातील दोन उपासिकांनी हात वर केले. पटाचारेवरील इतकी प्रवचने ऐकल्यावर आमच्या मंडळात तिच्या अंगावर वस्त्र टाकणारे हात प्रथमच दिसले.