जतन आणि पाठभेद : टॅब्लेटवरील अभिकल्प-साधनांची एक चिकित्सा

गेल्या वर्षी पुण्यातील एका अक्षररेखनाच्या कार्यशाळेत घडलेला एक लहानसा प्रसंग प्रस्तुत लेखास निमित्त झाला. एक विद्यार्थिनी देवनागरीच्या एका नव्या वळणासाठी टॅब्लेटवर अक्षरे रेखीत होती. तिचा ‘श्र’ सर्वांच्या पसंतीस उतरला होता. दुसऱ्या दिवशी तीच फाइल उघडून तिने अक्षराचे शेपूट आखूड करून पाहिले, जाडी वाढविली, गाठ सैल केली. काही मनास येईना, तेव्हा तिने ॲप बंद केले आणि ती घरी गेली. तिसऱ्या दिवशी पाहते तो मूळ ‘श्र’ नाहीसा झालेला आणि फसलेला प्रयोग मात्र अगदी सुखरूप. वीज गेली नव्हती, यंत्र बिघडले नव्हते, तिच्याकडून कोणतीही कळ चुकून दाबली गेली नव्हती. ॲपने आपले काम चोख बजावले होते, आणि ते काम म्हणजे जतन.

संगणकावर हरवलेल्या कामाच्या कथा आपण आजवर ‘जतन करावयाचे राहून गेले’ अशाच स्वरूपात ऐकत आलो आहोत. येथे हानी झाली ती जतन झाल्यामुळे. म्हणून या साधनांची परीक्षा करताना ‘काम टिकते काय’ एवढेच विचारून भागत नाही. ‘टिकते ते नेमके काय’ हेही विचारावे लागते.

प्रथम प्रतिपक्षास त्याचे माप दिले पाहिजे. जतन करण्याची कळ ही काही मोठी सोय नव्हती. यंत्राला क्षणिक आणि स्थायी अशा दोन स्मृती असतात, या त्याच्या अंतर्गत अडचणीचा भार ती माणसावर टाकीत असे. ॲलन कूपर यांनी १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या व्यवस्थेवर कठोर टीका केली. जेफ रॅस्किन यांनी १९८७ च्या ‘कॅनन कॅट’ या यंत्रात निराळी वाट चोखाळली होती. पुढे २००० साली त्यांनी असे तत्त्व मांडले की, माणसाच्या कामाला इजा न पोचू देणे हे यंत्राचे पहिले कर्तव्य होय, आणि स्वस्थ बसून ती घडू देणे हाही यंत्राचा दोषच होय. टॅब्लेटच्या बाबतीत तर दुसरा मार्गच नव्हता. तेथे पडद्याआड गेलेले ॲप स्मृतीची टंचाई भासताच कार्यप्रणाली पूर्वसूचनेशिवाय बंद करते. अशा स्थितीत रेघ ओढताक्षणी ती नोंदली न जाईल, तर एखादा दूरध्वनी येणे हेही संकट ठरावयाचे. स्वयंचलित जतनाने असंख्य लोकांची असंख्य कामे वाचविली आहेत यात शंका नाही, आणि जुनी कळ परत आणा असे म्हणण्याचा येथे हेतूही नाही.

तथापि ‘जतन’ या एकाच शब्दाखाली दोन भिन्न क्रिया नांदत होत्या. एक क्रिया कामाची स्थिती टिकविण्याची, दुसरी त्या कामाविषयीचा निर्णय नोंदविण्याची. कळ दाबणारा माणूस ‘हे नष्ट होऊ नये’ एवढेच म्हणत नसे; ‘येथवर झाले ते मला मान्य आहे’ असेही म्हणत असे. आपल्या जुन्या दफ्तरांस हा भेद चांगला परिचित होता. खर्डा निराळा, अस्सल पत्र निराळे, नक्कल निराळी. संशोधकाला कागद हाती येताच पहिला प्रश्न पडतो तो हाच. स्वयंचलित जतनाने पहिली क्रिया माणसाच्या डोक्यावरून उतरविली, हे उत्तम झाले. परंतु तिच्याबरोबर दुसरीही उतरली, आणि ती कोठे पडली याची चौकशी फारशी कोणी केली नाही. खर्डा आणि अस्सल यांतील भिंत गेली, आणि प्रत्येक रेघ ओढली जाताक्षणी अस्सल ठरू लागली.

२०११ साली ॲपल कंपनीने आपल्या ‘लायन’ या कार्यप्रणालीत स्वयंचलित जतन आणले, तेव्हा मेजावरच्या संगणकावरही हा गोंधळ उघड झाला. नव्या नावाने जतन करण्याची जुनी आज्ञा काढून तिच्या जागी ‘प्रतिरूप करा’ ही आज्ञा ठेवण्यात आली. जुनी फाइल उघडून, तीत फेरफार करून, मग ती नव्या नावाने ठेवण्याची लाखो लोकांची सवय होती. आता त्यांचे फेरफार नाव बदलण्यापूर्वीच मूळ फाइलीत जाऊ लागले. पुढच्याच वर्षीच्या आवृत्तीत ती आज्ञा, काहीशी आडपडद्याने का होईना, परत आली. त्या कार्यप्रणालीत मागील आवृत्त्या पाहण्याची सोयही होती हे न्यायाने सांगावयास हवे. टॅब्लेटवर आलेल्या अनेक साधनांनी मात्र जतन तेवढे घेतले आणि आवृत्त्या मागे सोडल्या.

हस्तलिखितांच्या अभ्यासकास येथे एक जुनी वस्तू आठवल्याशिवाय राहत नाही. पोथी लिहिताना अक्षर चुकले की लेखनिक त्यावर हरताळ लावीत असे. ‘हरताळ फासणे’ हा आपला वाक्प्रचार त्यावरूनच आला. पण पिवळ्या हरताळाखालचे अक्षर पुष्कळदा डोळे ताणले की वाचता येते; गाळलेला मजकूर काकपदाची खूण करून समासात लिहिलेला असतो. खोडले काय, घातले काय आणि कोठे, याची साक्ष पान स्वतःच देते. लेखनिकाने ती मुद्दाम ठेवली असे नव्हे; त्याच्या साधनांचा तो धर्म होता. कागद विसरू शकत नव्हता. टॅब्लेटचा पडदा विसरू शकतो. तेव्हा काय विसरावे हे तेथे कोणी तरी ठरवावे लागते, आणि आज ते बहुधा ॲप रचणारा ठरवितो.

पुण्यात या प्रश्नाचा विचार करणाऱ्याने भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताकडे पाहू नये हे शक्य नाही. १९१९ साली आरंभलेले, १९२५ पासून डॉ. वि. सी. सुखटणकर यांनी शास्त्रशुद्ध पायावर उभे केलेले आणि १९६६ साली पूर्णत्वास गेलेले ते कार्य. १,२५९ हस्तलिखिते तपासून सिद्ध केलेल्या त्या आवृत्तीत पानाच्या वरच्या भागात संपादकांनी निर्धारित केलेला पाठ आहे आणि खाली बारीक टायपात पाठभेद आहेत. जो पाठ त्याज्य ठरला तोही नाहीसा केलेला नाही. वाचकास संपादकाशी मतभेद करता यावा इतका तो शाबूत आहे. त्याहूनही लक्षणीय गोष्ट अशी की, जेथे निर्धारित पाठाविषयी संपादकांस पुरेशी खात्री वाटली नाही, तेथे त्यांनी त्या शब्दांखाली नागमोडी रेघ दिली. म्हणजे केवळ निर्णयच नव्हे, तर निर्णयाविषयीची शंकाही तेथे जतन झाली आहे. स्वयंचलित जतन ज्या फाइलीस फक्त अखेरची स्थिती देते, ती फाइल म्हणजे तळटिपा कापून काढलेली आवृत्ती होय. शंकेची रेघ तर तेथे उमटूच शकत नाही.

या कसोटीवर प्रचलित साधने घासून पाहिली असता चित्र एकसारखे दिसत नाही. २०११ साली आयपॅडवर आलेल्या ‘प्रोक्रिएट’ने जतनाची कळच ठेवली नाही. चित्र उघडे असेतो २५० पावलांपर्यंत मागे जाता येई. पण चित्र मिटून दालनात परतले की तो मार्ग बंद, अशी तिची रचना अनेक वर्षे राहिली. हेच साधन चित्र रेखाटले जात असता त्याची चित्रफीत मात्र आपोआप करून ठेवते. मला यात मोठा विनोद दिसतो. गेलेली प्रत्येक अवस्था डोळ्यांपुढून वेगाने सरकते. पण तीपैकी एकाही अवस्थेत पाऊल ठेवता येत नाही. त्याच कंपनीच्या २०२३ मधील ‘प्रोक्रिएट ड्रीम्स’मध्ये फाइल बंद करून पुन्हा उघडल्यावरही मागे जाण्याची सोय आली, यावरून मूळ रचना अपरिहार्य नव्हती हे सिद्ध होते. २०१९ साली आयपॅडवर आलेल्या ‘फोटोशॉप’ने क्लाउडवरील फाइलींच्या आवृत्त्या ठराविक मुदतीपुरत्या ठेवल्या, आणि वापरणाऱ्याने खूण केलेल्या आवृत्त्या मुदतीनंतरही राखल्या. ‘ॲफिनिटी डिझायनर’ने इतिहास फाइलीबरोबरच साठविण्याचा पर्याय दिला. या दोन्हींत माणसाच्या निर्णयाला थोडी तरी जागा आहे. खूण करणे ही जुन्या कळीचीच सुधारलेली आवृत्ती म्हणता येईल.

साठ्याचा खर्च हे कारण नेहमी पुढे केले जाते. ते खोटे नाही, पण अर्धे आहे. ४,०९६ गुणिले ४,०९६ चित्रबिंदूंच्या फलकाचा एक स्तर, प्रत्येक बिंदूस ४ बाइट धरता, सुमारे ६७ मेगाबाइट व्यापतो. अशा २५० स्थिती जशाच्या तशा ठेवावयाच्या तर एकाच स्तरासाठी सुमारे १६.८ गिगाबाइट लागतील. परंतु संपूर्ण फलक पुनःपुन्हा ठेवण्याची गरजच काय? एका रेघेने फलकाचा लहानसा भाग बदलतो. तेवढाच ठेवता येतो. किंवा रेघेचे बिंदू, दाब आणि कुंचला यांची नोंद ठेवून चित्र पुन्हा घडविता येते, आणि अशी नोंद बहुधा काही किलोबाइटांतच मावते. अक्षररेखनात तर आकृती वक्ररेषांच्या बिंदूंनीच बनते. तेथे ‘श्र’चे शंभर पाठभेद एका छायाचित्राएवढीही जागा घेणार नाहीत. तेव्हा प्रश्न जागेचा कमी आणि अगत्याचा अधिक आहे.

क्लाउडविषयी थोडे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्याच्या पेठांत पाणी शिरले, तेव्हा ज्यांचे कागद एकाच घरात होते त्यांचे कागद गेले. दुसऱ्या ठिकाणी प्रत असावी हे शहाणपण या शहराला शिकवावे लागत नाही. पण दुसरी प्रत आहे असा समज होणे आणि ती प्रत्यक्ष असणे यांत अंतर आहे. ऑगस्ट २०२० मध्ये ‘लाइटरूम’च्या आयफोन व आयपॅडवरील एका सुधारित आवृत्तीने, क्लाउडवर अद्याप न पोचलेली अनेकांची छायाचित्रे पुसून टाकली, आणि ती परत मिळणार नाहीत असे कंपनीस कबूल करावे लागले. जतन अदृश्य झाले की त्याचे अपयशही अदृश्य होते. कळ दाबणाऱ्याला निदान कळ दाबली नाही हे ठाऊक असे.

एक आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो. कलावंताला विसरण्याचाही अधिकार असावा. प्रत्येक चाचपडणे जपले जाते असे कळले तर हात मोकळा चालत नाही, विशेषतः ती फाइल शिक्षकाच्या किंवा मालकाच्या हाती पडावयाची असेल तर. कवी आपले खर्डे फाडून टाकतो तेव्हा ती हानी नसून निवड असते. परंतु हा आक्षेपही शेवटी माझ्याच बाजूने साक्ष देतो. फाडणारा कवी असतो, कागद स्वतःहून फाटत नाही. सर्व काही नोंदणारे साधन आणि अखेरचे तेवढे ठेवणारे साधन ही दोन्ही निवडीचा हक्क आपल्याकडेच घेतात. हवे आहे ते असे साधन, की जे रेघ आपोआप सांभाळील, पण ‘हा पाठ, हा पाठभेद, येथे शंका’ असे म्हणण्यास रेखाटणाऱ्याला जागा ठेवील, आणि त्या म्हणण्याची नोंद आकृतीइतक्याच काळजीने करील.

त्या विद्यार्थिनीने ‘श्र’ पुन्हा रेखिला. पहिला अधिक चांगला होता असे तिचे म्हणणे, आणि ते पडताळून पाहण्याचा मार्ग नाही. आता ती रोज संध्याकाळी फाइलीचे प्रतिरूप करते आणि नावातच कारण लिहिते. परवा तिच्या दालनात पाहिले तेव्हा एका फाइलीचे नाव होते : ‘श्र चौथा, शेपूट आखूड, गाठीबद्दल खात्री नाही’.