वार्षिकांकात कोण दिसतं?

शाळेचा वार्षिक अंक कुणीही पहिल्या पानापासून वाचत नाही. अंक हातात पडला की मूल आधी स्वतःला शोधतं. वर्गाचा फोटो, मग आपली कविता छापून आली असेल तर ती, मग गॅदरिंगच्या फोटोत मागच्या रांगेत आपलं डोकं दिसतंय का ते. मग मित्र-मैत्रिणी. मुख्याध्यापकांचं मनोगत आणि पाहुण्यांचा शुभसंदेश पालकही चाळूनच पुढे जातात. असं असताना अंकाची मांडणी मात्र नेमकी उलट्या क्रमानं केलेली असते. ज्याला कुणी शोधत नाही तो सर्वांत पुढे, सर्वांत मोठा आणि रंगीत. ज्याला सगळे शोधतात तो मागे, लहान आणि काळा-पांढरा.

दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर आपल्याकडे बरंच लिहिलं जातं. शालेय अंकांच्या सजावटीकडे मात्र समीक्षेच्या नजरेनं सहसा कुणी पाहत नाही. ‘पोरांचा अंक आहे, छान झालाय’ इतक्यावर विषय संपतो. पण पुष्कळ घरांत वार्षिकांक हे असं एकमेव छापील पुस्तक असतं, ज्यात घरातल्या माणसाचं नाव आलेलं असतं. ते वर्षानुवर्षं कपाटात राहतं. म्हणून त्यातले रंग, अक्षरं आणि हल्ली नव्यानं आलेली आकड्यांची चित्रं यांच्याकडे जरा कडक नजरेनं बघायला हवं असं मला वाटतं.

निमित्त झालं भाचीच्या शाळेच्या अंकाचं. अंक देखणा आहे. मुखपृष्ठावर झाड, फांद्यांवर पुस्तकं, आत गुळगुळीत आर्टपेपर. भाची म्हणाली, “मामा, यात मी कुठंय ते सांग बघू.” वर्गाच्या फोटोत मला ती सापडली नाही. तिनं बोट ठेवलं तेव्हा पटलं. ती सावळी आहे. फोटोतली मुलगी पिठासारखी पांढरी होती.

इथे डीटीपी करणाऱ्याला लगेच दोष देऊ नये. आर्टपेपर बाजूला ठेवू. बरेचसे शालेय अंक मॅपलिथोवर छापले जातात आणि तो कागद शाई पितो. छपाईतला ठिपका पसरतो आणि पडद्यावर नीट दिसणारा चेहरा कागदावर काळवंडतो. म्हणून फोटो थोडा हलका करून पाठवणं ही कारागिराची जुनी आणि योग्य सवय. अडचण ‘थोडा’ या शब्दात आहे. दुकानात ‘फोटो उजळ करून देतो’ असं म्हणतात. आपल्या भाषेत ‘उजळ’ हा शब्द कागदापुरता राहत नाही. लग्नाच्या जाहिरातींतून आलेला त्याचा दुसरा अर्थ हाताला नकळत चिकटतो. फोटो किती हलका करायचा हे ठरवताना मग डोळा गणवेशाकडे किंवा भिंतीकडे न पाहता चेहऱ्यांकडे पाहतो आणि चेहरे ‘चांगले’ दिसेपर्यंत थांबत नाही. तपासायची एक सोपी खूण आहे: पांढऱ्या शर्टाच्या चुण्या पाहाव्यात. चुण्या नाहीशा होऊन शर्टाचा सपाट पांढरा तुकडा उरला असेल, तर उजेड गरजेपेक्षा जास्त चढवलाय. भाचीच्या वर्गात सगळ्या शर्टांच्या चुण्या गेलेल्या होत्या. आणि हा अंक तर आर्टपेपरवरचा होता, जिथे इतक्या सवलतीची गरजच नव्हती.

ही खोड फक्त आपली नाही. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅककडून प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी नमुन्याचं कार्ड मिळायचं. त्यावर बहुधा गोऱ्या बाईचा फोटो असे आणि त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. तिची त्वचा नीट आली की रंग नीट आले, असा हिशेब. कॅनडातल्या अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी या कार्डांचा इतिहास तपासून दाखवलं, की सावळ्या आणि काळ्या चेहऱ्यांचे फोटो बिघडत ते निव्वळ रसायनामुळे नाही. नमुना कोणाला धरायचं हे माणसांनी ठरवलेलं होतं. आपल्या शाळांत छापील कार्ड नसतं. ते मनात असतं, इतकाच फरक.

रंगाचा दुसरा प्रश्न पैशाचा आहे. चाररंगी छपाई महाग, म्हणून पुष्कळ शाळा एकच फर्मा रंगीत घेतात, म्हणजे सोळा पानं. ती सोळा पानं कोणाला मिळतात यावर अंकाचा स्वभाव कळतो. माझ्याकडे जमलेल्या काही शाळांच्या अंकांत ती उद्घाटनं, सत्कार, हार-तुरे यांना गेली आहेत. त्यामागचं कारणही समजतं: देणगीदार आणि जाहिरातदार यांच्यामुळेच अंक निघतो. पण कोनशिलेचा फोटो काळा-पांढरा छापला तर त्याचं काय बिघडतं? पाचवीतल्या मुलांनी काढलेली पावसाची चित्रं काळी-पांढरी छापली की त्यांचं सगळंच बिघडतं. रंग तिथे खर्च करावा जिथे रंगाशिवाय अर्थ हरवतो. हा साधा नियम पाळला तरी त्याच पैशात वेगळा अंक होईल.

आता अक्षरं. संपादक शिक्षकांना हल्ली फॉन्टची चैन आहे. पूर्वी श्रीलिपीसारख्या प्रणालीत काम व्हायचं. तिथे फॉन्ट बदलला की मजकुराचा इंग्रजी कचरा होई, म्हणून जे आहे त्यात भागवलं जाई. युनिकोडनं ती भीती घालवली. र. कृ. जोशी यांनी आखलेला ‘मंगल’ विंडोजबरोबर घरोघर आला. पुढे ‘एक टाइप’सारख्या गटानं ‘मुक्त’ आणि ‘बालू’ असे फॉन्ट सगळ्यांसाठी मोफत खुले केले. ‘मुक्त’ मजकुरासाठी उत्तम. ‘बालू’ गुबगुबीत, मथळ्यांसाठी. पण अंकात ‘बालू’तच अख्खं मनोगत, ‘बालू’तच शोकसंदेश असं दिसतं तेव्हा जेवणभर पेढे खाल्ल्यासारखं होतं.

याहून गंभीर चूक वेगळी आहे. तयार साचे बहुतेक इंग्रजी अक्षरांसाठी केलेले असतात. त्यांत अक्षरं एकमेकांपासून दूर सरकवून मथळा ऐसपैस करण्याची पद्धत आहे. देवनागरीत तेच केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. इंग्रजीच्या मापानं ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आदळतो. राज्य शासनाच्या २००९च्या निर्णयानं पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ही मराठी वळणं ठरवून दिली. मराठी शाळेच्या अंकात मात्र दोन्ही वळणं एकाच पानावर नांदतात, कारण मथळ्याचा फॉन्ट एकीकडून आणि मजकुराचा दुसरीकडून आलेला असतो.

आणि नावं. मुलाच्या दृष्टीनं अंकातला सर्वांत महत्त्वाचा मजकूर म्हणजे त्याचं नाव, आणि तोच सर्वांत लहान टाइपात असतो. भाचीच्या अंकात वर्गाच्या फोटोखालची नावं निळ्या-हिरव्या रंगछटेवर पांढऱ्या बारीक अक्षरांत आहेत. पडद्यावर हे सुरेख दिसतं. छापताना चार रंगांच्या चार प्लेटा केसभर जरी सरकल्या तरी आजूबाजूची शाई त्या बारीक पांढऱ्या रेषेत शिरते. आधी अनुस्वार बुजतो, मग रफार, मग मात्रा. आडनावातल्या ‘ऱ्ह’चा ‘र्ह’ झालेला असतो तो वेगळाच. पाहुण्यांचं नाव मात्र जाड, काळं, पांढऱ्या कागदावर असतं. तिथे चूक होऊ नये म्हणून तीनदा मुद्रितशोधन होतं. नावं काळ्या शाईत, कोऱ्या कागदावर, एक-दोन पॉइंटांनी मोठी छापायला जास्तीचा पैसा लागत नाही. फक्त पानावरची एखादी वेल काढावी लागते.

अमेरिकेतल्या यीअरबुकांची आपल्याकडे नक्कल सुरू झाली आहे, म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. तिकडच्या अंकांत सजावटीचा सोस कमी नाही. पण त्यांचा कणा म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याचा सारख्याच मापाचा फोटो, आडनावांच्या क्रमानं, आणि पुष्कळ अंकांत शेवटी नावांची सूची. प्रत्येक मूल अंकात किमान तीनदा यावं असं उद्दिष्ट तिकडचे अनेक संपादक गट ठेवतात, आणि ते गट विद्यार्थ्यांचेच असतात. आपण तिकडून तिरके फोटो, रंगीत पट्टे आणि हॅशटॅग घेतले. सूची घेतली नाही.

तिसरी गोष्ट आकड्यांची. भाचीच्या अंकात ‘आकड्यांत आपली शाळा’ असं दोन पानी रंगीत चित्र आहे. एका वर्षी दहावीचा निकाल ९१ टक्के, पुढच्या वर्षी ९६. चित्रातले स्तंभ शून्यापासून सुरू न होता ९० पासून सुरू होतात, त्यामुळे दुसरा स्तंभ पहिल्याच्या सहापट उंच दिसतो. शेजारी करंडक आहेत. बक्षिसं दुप्पट झाली म्हणून करंडक दुप्पट उंच काढला. उंचीबरोबर रुंदीही दुप्पट झाली, म्हणजे कागदावर तो चौपट झाला. व्हिएन्नात १९२५ साली ऑटो नॉयरथ यांनी सामान्य माणसांसाठी आकड्यांचं संग्रहालय उभं केलं, तेव्हा त्यांच्या गटानं यावर सोपा उपाय पाळला: जास्त संख्या दाखवायची तर चिन्ह मोठं करायचं नाही, त्याच मापाची चिन्हं जास्त काढायची. कामगारांना आणि मुलांना मोजता यावं म्हणून ते होतं. पाचवीतलं मूलही मोजून खातरजमा करू शकतं, हीच त्या चित्राची परीक्षा.

पण चुकीचा स्तंभ हा लहान दोष. मोठा दोष काय मोजलं यात आहे. निकालाची टक्केवारी परीक्षेला बसलेल्या मुलांची असते. आठवीत जे होते आणि दहावीपर्यंत पोचले नाहीत, ते त्या स्तंभात वर नाहीत आणि खालीही नाहीत.

हे मला त्या चित्रावरून सुचलं नाही. भाचीनंच पुढचं पान उलटलं. कबड्डीचा संघ. फोटोत बारा मुली, खाली अकरा नावं. ‘डावीकडून’ म्हणून मोजायला लागलं की चौथीपाशी गाडी अडते आणि पुढची सगळी नावं एकेक जागा सरकतात. चौथ्या मुलीनं नववीत शाळा सोडली होती. अंकाचं काम पाहणाऱ्या बाईंना भाचीनं विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, ती आता पटावर नाही ना. ऑफिसनं पटावरून यादी दिली.” बाईंचं खोटं नव्हतं. परीक्षेच्या दिवसांत, वर्ग सांभाळून त्या एकट्या हे काम करत होत्या. पण सामना झाला तेव्हा ती पटावर होती, आणि अंक त्या वर्षाचा होता.

पुढच्या अंकासाठी शाळेनं माझं मत विचारलं, तर मी नव्या फॉन्टची यादी देणार नाही. चारच गोष्टी सांगेन. चेहरे उजळू नका, शर्टाच्या चुण्या पाहा. रंगीत फर्मा मुलांच्या चित्रांना द्या. नावं कोऱ्या कागदावर काळ्या शाईत छापा आणि ती ज्या वर्षाचा अंक त्या वर्षाच्या पटावरून घ्या. आणि आकड्यांच्या पानावर एका वर्गापुरतं का होईना, एका मुलासाठी एक चिन्ह काढा: आठवीत होती तितकी सगळी. जी मुलं नंतर दिसत नाहीत त्यांची चिन्हं पुसू नका, पोकळ ठेवा. नाव लिहायची गरज नाही. ते पान पाहून पुढच्या वर्षी कुणीतरी विचारेल, की ही कुठे गेली.

भाचीनं तिच्या प्रतीत अकरा नावांच्या मध्ये जेलपेननं बारावं नाव लिहिलंय. आर्टपेपर गुळगुळीत, त्यामुळे शाई वाळायच्या आत तिचा हात लागला आणि नाव थोडं फरफटलं. पण वाचता येतं.