आकाशउडी आणि आमची वर्णने

गेल्या माघात आमची धाकटी बहीण एक जुने कात्रण हाती घेऊन आमच्या सक्करदऱ्याच्या घरी आली. कात्रणावर एका स्त्रीचे चित्र होते : अंगावर नऊवारी, डोळ्यांना मोठा चष्मा, हात पसरलेले, आणि खाली नुसते आकाश. पुण्याच्या शीतल महाजन ह्यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये थायलंडातील पट्टाया येथे सुमारे १३,००० फुटांवरून विमानातून उडी घेतली, त्या वेळचे ते चित्र. आमच्या भाचीने हे कात्रण कित्येक वर्षे वहीत जपले आहे, आणि आता नोकरीस लागताच हा छंद शिकावयाचाच असा तिचा निश्चय झाला आहे. बहिणीचा प्रश्न एवढाच होता : “दादा, तू इतके वाचतोस, हे वाच आणि सांग, पोरीला जाऊ द्यावे की नाही?” आम्ही कात्रण दोनदा वाचले. त्यात बहिणीच्या प्रश्नाचे उत्तर तर नव्हतेच, पण ते उत्तर कोठे शोधावे ह्याचाही मागमूस नव्हता.

त्या निमित्ताने ह्या विषयावर मराठीत जे जे हाती लागले ते आम्ही वाचून काढले : गौरवपर वृत्ते, परदेशच्या सहलीवरून आलेल्यांचे अनुभवलेख आणि उडीची सोय करून देणाऱ्या मंडळींची जाहिरातवजा पत्रके. विमानातून उडी घेणे हा काही वाङ्मयाचा प्रांत नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु उडीचे वर्णन हा वाङ्मयाचाच प्रांत आहे. आणि जे वर्णन वाचून एखादी मुलगी आपला जीव एका कापडाच्या घडीवर सोपविण्यास निघते, त्याची परीक्षा कथाकादंबऱ्यांहून अधिक कसोशीने झाली पाहिजे असे आम्हांस वाटते.

प्रथम गौरववृत्ते घेऊ. शीतल महाजन ह्यांचे कर्तृत्व निर्विवाद आहे. एप्रिल २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर, डिसेंबर २००६ मध्ये दक्षिण ध्रुवावर, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये एव्हरेस्टच्या समोर २१,५०० फुटांवरून त्यांनी उडी घेतली. २०११ साली त्यांस पद्मश्री मिळाली. त्यांच्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. आमचा वाद आहे तो त्यांच्या वर्णनकारांशी. धाडस, जिद्द, गगनभरारी, परंपरा आणि आधुनिकता ह्यांचा मिलाफ, ह्या शब्दांपलीकडे त्यांची लेखणी सरकत नाही. हे शब्द इंग्लिश खाडी पोहून जाणाऱ्यास लागू पडतात, शिखर चढणाऱ्यास लागू पडतात, आणि प्रसंगी निवडणूक जिंकणाऱ्यासही लागू पडतात. जे विशेषण कोणालाही चालते ते कोणाचेही वर्णन करीत नाही.

ह्या नऊवारीचेच पाहा. तिच्यावर जितके लिहिले गेले तितके उडीवर लिहिले गेले नाही. आणि तरीही नऊवारीविषयी जे सांगावयाचे ते राहूनच गेले! उडी घेणाराच्या अंगावर पट्ट्यांचा एक साज असतो. दोन पट्टे खांद्यांवरून येतात, एक छातीवर आडवा असतो आणि दोन मांड्यांभोवती आवळलेले असतात. छत्री उघडल्यावर सारा भार ह्या मांड्यांच्या पट्ट्यांवर येतो. पाचवारी नेसून हे पट्टे बांधताच येणार नाहीत. कासोटा घातलेल्या नऊवारीत दोन्ही पाय मोकळे असतात, म्हणून ते बांधता येतात. घोड्यावर बसणाऱ्या मराठा स्त्रिया ज्या कारणाने कासोटा घालीत, नेमके तेच कारण येथे उपयोगी पडले. परंपरेचा अभिमान मिरवावयाचा तर तो येथे मिरविण्यास जागा होती. पण आमच्या लेखकांची दृष्टी पदराच्या रंगापुढे गेली नाही.

आणि पदर हाच तर खरा धोका. उजव्या कमरेमागे मुख्य छत्री सोडण्याची मूठ, छातीवर उजवीकडे बिघडलेली छत्री तोडून टाकण्याची मूठ, डावीकडे राखीव छत्रीची मूठ. ह्या तीन मुठींपैकी एकीवरही कापडाचा सैल शेव ऐन वेळी आला, तर पुढचे सांगावयास नको. ताशी दोनशे किलोमीटरांच्या वाऱ्यात सव्वाआठ मीटर लांबीचे कापड अंगाशी घट्ट राखणे हा नटण्याचा प्रश्न नसून बंदोबस्ताचा प्रश्न आहे. हा बंदोबस्त ध्यानात घेतला म्हणजे, ही उडी म्हणजे निव्वळ चमत्कृती, असा जो आक्षेप काही चिकित्सक मंडळी घेतात तो आम्हांस पटेनासा होतो. उडी तिच्या वर्णनाहून पुष्कळ विचारपूर्वक केलेली होती.

एव्हरेस्टच्या उडीचीही तीच गत. २१,५०० हा आकडा सर्वांनी दिला, जणू उंची वाढली म्हणजे धैर्यही त्याच हिशेबाने वाढते. वस्तुतः पुरेशी उंची म्हणजे उडी घेणाराच्या पदरी पुरेसा वेळ. ती कमी असणेच घातक. तेथील अडचण निराळी होती. त्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मी असते, आणि उतरण्याची जागाही १७,००० फुटांहून वर होती. विरळ हवेत तीच छत्री तेच माणूस घेऊन जमिनीकडे सुमारे तीस टक्के अधिक वेगाने येते. हे एक वाक्य लिहिले असते तरी वाचकाच्या अंगावर खरा काटा आला असता.

आता अनुभवलेख. २०११ साली ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ हा हिंदी चित्रपट निघाला, आणि तेव्हापासून स्पेन, दुबई, न्यूझीलंड येथून आकाशउडी घेऊन येणारे मराठी प्रवासीही वाढले असावेत, निदान त्यांचे लेख तरी वाढले. ह्या लेखांत एक गोष्ट हटकून झाकली जाते. पाहुणा शिक्षकाच्या छातीशी चार आकड्यांनी जखडलेला असतो. दार गाठणे, झेप घेणे, तोल राखणे, छत्री उघडणे, वारा पाहून उतरणे ही सर्व कामे शिक्षक करतो. पाहुण्याने पाय वर उचलावयाचे आणि हसावयाचे. ह्यास आमचा मुळीच विरोध नाही; म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही हा आनंद लाभतो ही चांगलीच गोष्ट आहे. पण मराठीत ‘उडी मारणे’ आणि ‘उडी मारवून घेणे’ ही दोन भिन्न क्रियापदे आहेत, आणि प्रयोजक रूपाची लाज वाटण्याचे कारण नाही.

शिवाय ‘पक्ष्यासारखे उडालो’ हे वाक्य प्रत्येक लेखात असतेच. कोणता पक्षी ताशी दोनशे किलोमीटरांनी पोटावर पडतो? असे पडणे म्हणजे उडणे नव्हे, वाऱ्याच्या गर्जनेवर पालथे पडून राहणे होय. पोटात गोळा येतो असेही लिहितात. परंतु धावत्या विमानातून निघालेल्यास तो बहुधा येत नाही, कारण विमानाचा वेग अंगात असतोच व वारा त्यास तत्काळ तोलून धरतो. गोळा येतो तो एका जागी स्थिर राहिलेल्या हेलिकॉप्टरातून किंवा बलूनमधून उडी घेताना. १३,००० फुटांवरून निघून ५,००० फुटांवर छत्री उघडली तर मधला काळ पाऊण मिनिटाचा. त्यानंतर छत्रीखाली चारपाच मिनिटे असतात. आमचे लेखक पाऊण मिनिटास तीन रकाने देतात आणि चारपाच मिनिटांस ‘मग अलगद खाली आलो’ एवढेच. भाचीने शिकावयाचे आहे ते मुख्यतः ह्या ‘अलगद’मध्ये.

येथे ‘छत्री’ हा शब्दच वाट चुकवितो. दुसऱ्या महायुद्धाच्या वार्तांमुळे छत्रीधारी सैनिक आमच्या भाषेत रुळला, आणि छत्री म्हटली की घुमटासारखी गोल, सरळ खाली येणारी वस्तू डोळ्यांपुढे उभी राहते. गार्नेरिन नामक फ्रेंच गृहस्थ २२ ऑक्टोबर १७९७ रोजी पॅरिस येथे बलूनमधून खाली आला तो तशाच घुमटाखाली, आणि वाटभर भयंकर झोके खात आला, कारण घुमटात कोंडलेली हवा निघून जावयास माथ्यावर छिद्र नव्हते. आजची छंदी मंडळींची छत्री ती नव्हे. १९६४ साली डोमिना जालबर्ट ह्याने शोधिलेल्या रचनेपासून ती निघाली आहे : दोन कापडांमध्ये उभ्या पडद्यांचे कप्पे, पुढील तोंडाने हवा आत शिरते व कापड फुगून त्याचा पंख बनतो. हा पंख पुढे सरकतो, दोन दोऱ्यांनी वळतो, आणि जमिनीशी दोन्ही दोऱ्या एकदम ओढल्या म्हणजे थबकतो. म्हणूनच अनेक जाणत्यांचा अंत बिघडलेल्या छत्रीखाली नव्हे, तर उत्तम उघडलेल्या छत्रीखाली, जमिनीजवळ जोराचे वळण घेतल्याने झालेला आहे. ‘छत्री उघडली, वाचलो’ असे समजणाऱ्या वाचकास हे कोण सांगणार?

घडीविषयी तर आमच्या वाचनात एक ओळही आली नाही. मुख्य छत्रीची घडी शिकलेला माणूस पंधरावीस मिनिटांत स्वतः घालतो. कप्पे सारखे करावयाचे, दोऱ्या मध्यभागी आणावयाच्या, आणि चार कोपऱ्यांत कड्या असलेला एक चौकोनी तुकडा दोऱ्यांवरून वर सरकवून ठेवावयाचा. उघडताना हाच तुकडा हळूहळू खाली सरकतो व झटका सोसण्याजोगा करतो. मग सारे पिशवीत दाबून दोऱ्या रबरी कड्यांत नागमोडी अडकवावयाच्या. राखीव छत्रीस मात्र हौशी माणसाने हात लावावयाचा नसतो. अमेरिकेत ती परवानाधारक कारागिराकडून दर १८० दिवसांच्या आत उघडून, तपासून पुन्हा बांधून घ्यावी लागते, आणि त्याची सही व तारीख असलेला कागद तिच्याबरोबर राहतो. उडी घेणारा बेशुद्ध झाला तरी राखीव छत्री सोडणारे एक लहानसे यंत्रही पाठीवर असते. १९९१ साली निघालेल्या अशा एका जर्मन यंत्राने ह्या छंदाचे स्वरूपच पालटले. वर्णनकारांनी धैर्याचे जितके श्रेय गायिले त्याचा दहावा हिस्सा तरी ह्या सही-तारखेच्या कागदास द्यावयास हवा होता.

राहता राहिली पत्रके. मध्यप्रदेशात सागरजवळ ढाणा, उज्जैनजवळ दताना, हरियाणात नारनौलजवळ बाछोद, अशा धावपट्ट्यांवर अलीकडच्या काळात हौशी लोकांच्या उड्या झाल्या आहेत. पत्रकांत दर असतो, चित्रफितीचा निराळा दर असतो, आणि हसरे चेहरे असतात. मैदानाविषयी काहीच नसते. वास्तविक मैदान हाच पहिला प्रश्न. अमेरिकेच्या संघटनेचा नियम असा की, नवशिक्याच्या उतरण्याच्या जागेपासून १०० मीटरपर्यंत विजेच्या तारा, इमारती, उघडे पाणी, मोठे रस्ते किंवा झाडांचे पुंजके नसावेत, आणि वारा ताशी १४ मैलांहून अधिक नसावा. हा नियम वाचून आम्ही सहज गच्चीवर गेलो. एकीकडे तळे, दुसरीकडे उमरेड रस्त्याची वर्दळ, मध्ये तारांचे जाळे, आणि सोनेगावला उतरणारी विमाने. काय काय नसावे ह्याची संपूर्ण यादी सक्करदऱ्याने आमच्यासमोर मांडून ठेविली होती! नागपूरकरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : चैत्र-वैशाखातील दुपारी तापलेल्या मैदानावर ज्या वावटळी उठतात त्या कापडी पंखास मुरगळून टाकू शकतात. हा छंद हिवाळ्याचा, आणि सकाळचा.

धोका किती, हेही पत्रके सांगत नाहीत. २०२३ साली अमेरिकेत सुमारे ३६ लाख उड्यांत १० माणसे दगावली. हा आकडा लपविण्याजोगा मुळीच नाही. उलट तो छापला तर भ्यालेल्या आईबापांस धीर येईल. मात्र त्या आकड्यामागे परवाने, तपासण्या व प्रत्येक अपघाताची जाहीर चिकित्सा आहे. नुसती उडी आयात केली म्हणजे आकडाही तिच्याबरोबर येतो असे नाही.

हे सर्व आम्ही बहिणीस सांगितले. ती म्हणाली, “म्हणजे जाऊ द्यावे असेच ना?” आम्ही म्हणालो की, छातीशी बांधून घेऊन एकदा जाऊ द्यावे, स्वतः शिकावयाचे तर तिने आधी प्रश्न विचारावेत. भाची शेजारीच उभी होती. तिने त्याच रात्री एका तळाच्या चालकांस पत्र लिहिले. मैदानाच्या सीमा कोणत्या, वाऱ्याची मर्यादा किती, शिक्षकाचा परवाना कोणत्या संस्थेचा, विमा कोणाचा, आणि राखीव छत्रीच्या कागदावर शेवटची तारीख कोणती, असे पाच प्रश्न. आठ दिवसांनी उत्तर आले. त्यात चार प्रश्नांची उत्तरे होती, आणि सोबत गटाने आल्यास मिळणाऱ्या सवलतीचे रंगीत पत्रक होते. पाचव्या प्रश्नासाठी तिने पुन्हा पत्र घातले आहे.