गुलामांची आत्मकथने : साक्ष, मध्यस्थ आणि कादंबरी

अमेरिकेतल्या गुलामीतून सुटलेल्या स्त्री-पुरुषांनी स्वतः लिहिलेली किंवा दुसऱ्याकडून लिहवून घेतलेली आत्मकथने हा अमेरिकन साहित्यातला एक स्वतंत्र प्रकार मानला जातो. ओलाउडा इक्वियानोचे आत्मचरित्र १७८९ साली लंडनमध्ये निघाले आणि या प्रकाराला वळण मिळाले. त्याचा बहर मात्र १८३० ते १८६० या काळात, गुलामगिरीविरोधी चळवळीच्या आश्रयाने आला. या आश्रयाने त्याला वाचक मिळवून दिले, पण काय सांगावे आणि कसे सांगावे यावर मर्यादाही घातल्या. तेव्हापासून आजपर्यंत या लेखनात मध्यस्थाचा प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहिला आहे.

त्या काळच्या पुस्तकांची घडण जवळजवळ ठरलेली असे. सुरुवातीला लेखकाचे चित्र, शीर्षकपृष्ठावर मजकूर त्याने स्वतः लिहिल्याची ग्वाही आणि प्रतिष्ठित गोऱ्यांची प्रस्तावना किंवा पत्रे. मग ठाऊक नसलेली जन्मतारीख, चाबकाचे फटके, चोरून शिकलेली अक्षरे, पलायन आणि नवे नाव. फ्रेडरिक डग्लसच्या १८४५ च्या आत्मकथनाला विल्यम लॉइड गॅरिसनची प्रस्तावना आहे. मालकांची आणि गावांची खरी नावे छापल्यामुळे डग्लस पकडला जाण्याचा धोका वाढला. तो ब्रिटनला गेला आणि तिथल्या स्नेह्यांनी १८४६ मध्ये पैसे भरून त्याला कायद्याने मुक्त केले. १८५५ मध्ये त्याने तेच आयुष्य अधिक विस्ताराने लिहिले. या वेळी प्रस्तावना होती जेम्स मॅक्यून स्मिथ या कृष्णवर्णीय डॉक्टरची, आणि उत्तरेतल्या वर्णद्वेषावर, चळवळीतल्या गोऱ्या सहकाऱ्यांच्या वडीलकीच्या पवित्र्यावरही लेखक आता मोकळेपणी बोलत होता.

स्त्रियांची अडचण दुहेरी होती. हॅरिएट जेकब्स मालकाच्या लैंगिक छळातून सुटण्यासाठी नॉर्थ कॅरोलायनात आजीच्या घराच्या माळ्यावर जवळजवळ सात वर्षे लपून राहिली. हे सांगायचे तर तत्कालीन शालीनतेचे संकेत मोडावे लागणार होते, म्हणून तिचे पुस्तक १८६१ मध्ये टोपणनावाने निघाले. संपादन लिडिया मरिया चाइल्ड या गोऱ्या लेखिकेचे असल्याने विसाव्या शतकातल्या अनेक अभ्यासकांनी ते अस्सल मानले नाही. जीन फेगन येलिन यांनी पत्रव्यवहार तपासून १९८७ च्या आवृत्तीत जेकब्सचे कर्तृत्व सिद्ध केले. तिचा भाऊ जॉन याचे कथन तर मध्यस्थाशिवाय काय घडू शकले असते हेच दाखवते. ते १८५५ मध्ये सिडनीच्या वृत्तपत्रात छापले गेले. त्यात दयेची याचना नाही, अमेरिकेच्या राज्यघटनेवर थेट आरोप आहेत. १८६१ मध्ये लंडनच्या मासिकाने ते छापले तेव्हा हा राजकीय भाग गाळला. मूळ मजकूर पुस्तकरूपाने यायला २०२४ साल उजाडले.

साक्षींचा सर्वांत मोठा साठा महामंदीच्या काळात जमला. १९३६ ते १९३८ या वर्षांत सरकारी लेखक-योजनेने सतरा राज्यांत एकेकाळी गुलाम असलेल्या दोन हजार तीनशेहून अधिक वृद्धांच्या मुलाखती नोंदवल्या. आधीची आत्मकथने बहुधा पलायनाशी संपत. या मुलाखतींत सुटकेनंतरचे आयुष्य आहे. यादवी युद्धाच्या अखेरीस, १८६५ च्या जानेवारीत, जनरल शर्मनने काही किनारी भागांत मुक्त झालेल्यांना कुटुंबामागे चाळीस एकरांपर्यंत जमीन देण्याचा हुकूम काढला, आणि त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ती बहुतांशी जुन्या मालकांना परत केली. तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामी संपवली, तरी गुन्ह्याच्या शिक्षेचा अपवाद ठेवला. त्या आडोशाने दक्षिणेत कैदी भाड्याने राबवले गेले. बाकीच्यांच्या वाट्याला बटाईची शेती आणि कर्ज आले. म्हणूनच काही वृद्ध जुन्या दिवसांत निदान पोटाला मिळत होते असे म्हणतात, तेव्हा तो गुलामीचा गौरव ठरत नाही. ती १९३७ च्या भुकेची नोंद असते. शिवाय समोर बसलेला मुलाखतकार बहुधा गोरा असे आणि सरकारी मदत त्याच्या हाती असल्याचा समजही असे. उच्चार दाखवण्यासाठी अनेकांनी भाषा वेडीवाकडी लिहिली. योजनेचे संपादक, कवी स्टर्लिंग ब्राउन यांना हा सोस आवरण्याच्या सूचना द्याव्या लागल्या.

इतिहासलेखनात पूर्वी उल्रिक फिलिप्ससारखे अभ्यासक मळेवाल्यांच्या वह्यांवर विसंबून होते. गुलामांचा शब्द त्यांना पक्षपाती वाटे. नागरी हक्कांच्या चळवळीनंतर हे बदलले. १९७२ पासून जॉर्ज रॉविक यांनी मुलाखती खंडशः छापल्या आणि त्याच वर्षी जॉन ब्लासिंगेम यांनी आत्मकथनांच्या आधारे गुलामांच्या समाजजीवनाचा इतिहास लिहिला. मात्र जेकब्सच्या पुस्तकावर त्यांनीही अविश्वास दाखवला होता.

याच सुमारास कादंबरीने हा वारसा उचलला. अर्नेस्ट गेन्स यांनी १९७१ मध्ये एका वृद्धेच्या काल्पनिक मुलाखतीतून यादवी युद्धापासून हक्कांच्या चळवळीपर्यंतचा काळ मांडला. टोनी मॉरिसन यांच्या ‘बिलव्हेड’ (१९८७) मागे मार्गारेट गार्नरची १८५६ मधली घटना आहे. पकडले जाताना तिने स्वतःच्या मुलीचा जीव घेतला होता. कादंबरी घडते मात्र १८७३ मध्ये, मुक्तीनंतरच्या घरात. जुन्या लेखकांनी गोऱ्या वाचकासाठी जे मनोव्यापार झाकून ठेवले, तिथे मॉरिसन शिरतात. पर्सिव्हल एव्हरेट यांच्या ‘जेम्स’ला (२०२४) पुलित्झर मिळाले. मार्क ट्वेनच्या कादंबरीतला गुलाम जिम इथे स्वतः लिहितो, आणि मोडकी बोली ही गोऱ्यांपुढे पांघरलेली भूमिका ठरते. मुलाखतकारांच्या वेड्यावाकड्या लेखनाला हे नेमके उत्तर आहे.

तरी अलीकडच्या गाजलेल्या कादंबऱ्यांचा ओढा पलायनाकडेच आहे. कोल्सन व्हाइटहेड (२०१६), टा-नेहासी कोट्स (२०१९) आणि एव्हरेट या तिघांचेही नायक पळून जाणारे आहेत. पलायन कथानकाला वेग देते आणि वाचकाला सुटकेचे समाधान. पण १८६० च्या जनगणनेतल्या सुमारे चाळीस लाख गुलामांपैकी पळून जाऊ शकले ते थोडे. बाकीचे जिथे होते तिथेच राहिले आणि त्यांतले बरेच जण मुक्तीनंतरही त्याच जमिनीवर कर्जात राबले. गेन्स आणि मॉरिसन यांनी हाताळलेला हा उत्तरकाळ मुलाखतींच्या संग्रहात भरपूर आहे. कादंबरीने त्याचा वापर अजून पुरेसा केलेला नाही.