माहितीपत्रकात न लिहिलेले

गव्हाण फाट्यावर थोडा वेळ उभे राहिले, तर न्हावा-शेवा बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरांची रांग दिसते. पेटीवर नाव एका जहाज कंपनीचे, ट्रेलर दुसऱ्याच मालकाचा, बंदरातली क्रेन तिसऱ्याची. तरी पेटी नेमकी बसते, कारण तिच्या आठही कोपऱ्यांवरचे पोलादी ठोकळे आणि त्यांतील भोके आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे असतात. माल्कम मॅक्लीन यांच्या कंपनीने १९६० च्या दशकात या जोडणीच्या पेटंटावरचे हक्क सर्वांना मोकळे करून दिले, म्हणून हे जमले.

या फाट्याजवळच्या एका विद्यालयातील शिक्षकांनी मध्यंतरी आम्हाला एक माहितीपत्रक वाचायला दिले. इमारतीत बारा ठिकाणी वाय-फायच्या पेट्या आणि त्या सर्वांवर देखरेख करणारा एक कंट्रोलर, असा विक्रेत्याचा प्रस्ताव होता. गुळगुळीत आठ पाने. पहिल्याच पानावर ‘वेग ३००० मेगाबिट’ आणि ‘आंतरराष्ट्रीय मानकांशी सुसंगत’. दोन्ही विधाने खोटी नाहीत, आणि तरीही ती वाचून शाळेची दिशाभूल होईल.

आधी वेग पाहू. पेटीत दोन रेडिओ असतात. २.४ गीगाहर्ट्‌झवरच्या रेडिओचा सेकंदाला ५७४ मेगाबिट आणि ५ गीगाहर्ट्‌झवरच्याचा २४०२, यांची बेरीज २९७६. तीच पुढे ३००० झाली. पण फोन सहसा एका वेळी एकाच रेडिओशी बोलतो. पनवेलहून सुटलेल्या दोन एसटी गाड्यांचे वेग मिळवून प्रवाशाला सांगावेत, तसा हा प्रकार. शिवाय २४०२ हा आकडा १६० मेगाहर्ट्‌झ रुंदीचा पट्टा वापरला तरच मिळतो. जवळजवळ बसवलेल्या बारा पेट्यांना एवढे रुंद, वेगवेगळे पट्टे द्यायला ५ गीगाहर्ट्‌झमध्ये जागाच नाही. पट्टा ८० चा केला की वेग १२०१, ४० चा केला की ५७४. तोही त्या पेटीशी जोडलेल्या सर्वांनी वाटून घ्यायचा, आणि त्यातला बराच भाग पाळी येण्याची वाट पाहण्यात व पोच देण्यात खर्च होतो. अकरावीच्या वर्गाला एका तासात समजावता येईल असा हा हिशेब आठ पानांत कुठेही नाही.

दुसरे विधान आम्हाला अधिक खटकले. मानक नेमके कोणत्या जागी? फोन आणि पेटी यांच्यातील हवेतले संभाषण आयईईईच्या ८०२.११ या मानकाप्रमाणे चालते. ते १९९७ साली प्रथम आले, आणि त्यामुळेच आज कोणत्याही कंपनीचा फोन कोणत्याही पेटीशी जोडता येतो. पेटी आणि कंट्रोलर यांच्यातील संभाषणासाठीही ‘कॅपवॅप’ हे खुले मानक २००९ साली प्रसिद्ध झाले. मात्र त्यात प्रत्येक उत्पादकाला स्वतःची भर घालायला मोकळीक आहे. परिणाम असा की एका कंपनीचा कंट्रोलर दुसरीच्या पेट्या बहुधा सांभाळत नाही. बारांतली एक पेटी बिघडली तर त्याच दुकानाची पायरी चढायची. काही योजनांत तर परवान्याची मुदत संपली की धडधाकट पेटीही काम थांबवते.

उत्पादकांची बाजूही आहे. बारा पेट्यांचे पट्टे आपोआप ठरवणे, चालता चालता फोन एकीकडून दुसरीकडे सोपवणे, यामागे त्यांची खरी मेहनत असते. ती गुपित ठेवायलाही आमची हरकत नाही. पण गुपित कोठून सुरू होते, एवढे तरी खरेदीदाराला कळायला हवे. २०१७ साली मॅथी व्हॅनहोफ या बेल्जियन संशोधकाने वाय-फायच्या डब्ल्यूपीए-२ या सुरक्षापद्धतीतला दोष दाखवला. मानक खुले असल्याने बाहेरच्या माणसाला तो तपासता आला. दुरुस्ती मात्र ज्याच्या त्याच्या उत्पादकानेच द्यायची होती. ज्या पेट्यांना ती मिळाली नाही, त्यांत दोष तसाच राहिला.

म्हणून आम्ही शिक्षकांबरोबर बसून विक्रेत्याला चार प्रश्न लिहिले : वेग कोणत्या पट्ट्यावर आणि किती फोन जोडून मोजला, दुसऱ्या कंपनीची पेटी चालेल का, परवाना संपल्यावर काय चालू राहील, सुरक्षेच्या दुरुस्त्या किती वर्षे मिळतील. पंधरा दिवसांनी उत्तर आले. त्यात किंमत दहा टक्क्यांनी कमी केली होती.