वाटाण्याचे रोप आणि विद्यार्थ्यांचे चित्रपट

आपल्याकडे कथा-कादंबऱ्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. नाटकांवर लिहिणारे त्याहून पुष्कळ. चित्रपटांवर तर रविवार उजाडला की जो तो लिहितो. पण चित्रपट शिकणाऱ्या मुलांनी शिकता शिकता जे छोटे चित्रपट केले, त्यांच्याकडे समीक्षकाची नजर क्वचित वळते. विद्यार्थ्याची वही म्हणून ते बाजूला पडतात. मी पेशाने चित्रकला शिक्षक, आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा. वह्या तपासण्यात माझी वीस वर्षे गेली आहेत. वहीत चुका असतात हे खरे. पण हात कुठे थबकला आणि खोडरबर कुठे दोनदा फिरले, हे वहीतच दिसते. भिंतीवर टांगलेल्या चित्रात ते दिसत नाही. म्हणून यंदा ह्या वह्यांविषयी लिहावयाचे ठरविले. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या माणसाने पदवीधरांच्या वह्या तपासाव्यात ह्याचे कोणास हसू आले, तर दिवाळीचे दिवस आहेत, खुशाल हसावे.

ह्यातली पहिली वही आमच्या शेजारची म्हणता येईल. कुसगावाहून मळवली हाकेच्या अंतरावर नसली तरी पायी जाण्याजोगी आहे. तेथे राजा रविवर्म्यांचा छापखाना होता. १८९९ साली तो मुंबईहून इकडे आला आणि येथूनच लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतींवर गेल्या. ह्या छापखान्याचे काम लोणावळ्यास राहून करणारा एक गृहस्थ होता. पुढे त्याने लोणावळ्यातच ‘फाळके एन्ग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स’ अशी पाटी लावली. हेच दादासाहेब फाळके. छापखाना नंतर दादरला गेला, भागीदारीही मोडली. १९११ साली मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहून त्यांना वेड लागले आणि १९१२ मध्ये ते विलायतेस जाऊन कॅमेरा घेऊन आले, ही कथा शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. मला तिच्यातला एकच प्रसंग महत्त्वाचा वाटतो. पैसे देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा मांडला आणि महिन्याहून अधिक काळ रोज एक-एक चित्र घेतले. पडद्यावर मिनिटभरात बी फुटले, कोंब आला, वेल चढला.

‘अंकुराची वाढ’ हा आपल्या देशातला पहिला विद्यार्थी-चित्रपट, असे मी मानतो. विद्यार्थी बेचाळीस वर्षांचा होता, शाळा घरातच होती आणि फी म्हणून पत्नीचे दागिने गेले होते. सरस्वतीबाईंनी दागिने तर दिलेच. पुढे फिल्मला भोके पाडणे, ती धुणे ही कामेही त्यांनी केली. आजच्या भाषेत त्या वर्गातल्या दुसऱ्या विद्यार्थिनी होत्या. ह्या मिनिटभराच्या चित्रात तंत्र किती आणि पाहणे किती, हे वेगळे काढता येत नाही. रोज त्याच कुंडीसमोर त्याच अंतरावर उभे राहावयाचे, हे तंत्र. आणि वाटाण्याला घाई करता येत नाही हे समजणे, हे पाहणे. पुढे जे काही म्हणावयाचे आहे, ते ह्याच मापाने म्हणेन.

दादासाहेबांना गुरू नव्हता. पुढच्यांना तो मिळावा अशी व्यवस्था पुण्यात झाली. प्रभात कंपनीचा लॉ कॉलेज रस्त्यावरचा स्टुडिओ बंद पडला होता; त्या जागेत १९६० साली सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट काढली. १९६४ मध्ये शेजारी राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले आणि पी. के. नायर ह्यांनी तेथे जुनी रिळे जपली. १९६५ च्या सुमारास ऋत्विक घटक तेथे उपप्राचार्य होते. मणी कौल, कुमार शहानी हे त्यांचे विद्यार्थी. टेलिव्हिजनचे शिक्षण आधी दिल्लीस सुरू झाले होते, ते १९७४ साली पुण्यास आले. मराठी वाचकाला ह्या संस्थेचे एक ऋण विशेष मानावे लागेल : तेथे शिकलेल्या अरुण खोपकरांनी ‘गुरू दत्त : तीन अंकी शोकांतिका’ हे पुस्तक १९८५ साली मराठीत लिहिले. चित्रपट वाचता येतो, हे आमच्यापैकी पुष्कळांना त्या पुस्तकाने शिकविले.

तेथे शिकवितात तरी काय? सर्वांत जुना धडा मॉस्कोचा. तेथे १९१९ मध्ये चित्रपटाची शाळा निघाली. कुलेशोव्ह नावाच्या शिक्षकाने एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला. एकदा त्याच्यापुढे सुपाची वाटी जोडली, एकदा शवपेटी. प्रेक्षक म्हणाले, काय भूक दाखविली आहे ह्याने! आणि काय दुःख! चेहरा मात्र तोच होता. हा प्रयोग मी माझ्या वर्गात कार्डांवर करतो. एका मुलाचा साधा चेहरा आणि शेजारी कधी करंजीचे ताट, कधी नापासाचा निकाल. मुले दर वेळी फसतात आणि दर वेळी आनंदाने फसतात. दोन चित्रांच्या मधल्या फटीत प्रेक्षक स्वतःच काहीतरी भरतो, हे एकदा कळले की संकलन म्हणजे काय ते निम्मे कळले.

टेलिव्हिजनचे तंत्र थोडे निराळे. तीन-चार कॅमेरे एकाच वेळी चालू असतात आणि आतल्या खोलीत बसलेला मनुष्य क्षणोक्षणी ठरवितो की आता कोणता. गृहिणींना हे समजावून सांगावे लागत नाही. एका शेगडीवर चकली तळणे, दुसरीवर पाक, आणि मधूनच दारातल्या पाहुण्यांना ‘या’ म्हणणे, हीच ती विद्या. १९७२ च्या २ ऑक्टोबरला मुंबईचे दूरदर्शन सुरू झाले आणि पुढे ‘आमची माती आमची माणसं’ आमच्या घरी आले, तेव्हा माझ्या चुलत्यांना कौतुक कॅमेऱ्याचे नव्हते. आपल्यासारखाच एक शेतकरी त्यात बसून बोलतो, ह्याचे होते.

आणि येथेच माझी मुख्य तक्रार आहे. बोलणारा शेतकरी विद्यार्थ्यांच्या चित्रपटांत फारसा आढळत नाही. मी जे चाळीस-पन्नास चित्रपट निरनिराळ्या महोत्सवांत आणि संगणकावर पाहिले, त्यांतल्या बऱ्याच खेड्यांत एक म्हातारी, एक अर्धे उघडे दार आणि वाऱ्याचा आवाज एवढेच राहते. प्रकाश सुरेख पडलेला असतो. ट्रॉली इतक्या हळुवारपणे सरकते की पाळण्यातले मूल जागे होऊ नये. पण त्या म्हातारीला सून आहे की नाही, सातबारावर तिचे नाव आहे की नाही, सायंकाळी ती काय खाणार, हे चित्रपटाला ठाऊक नसते.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात कुठल्याशा संस्थेची चार मुले आमच्याकडे चित्रीकरणास आली होती. मुले गुणी होती. चिखलात अनवाणी हिंडत होती. त्यांनी शेजारच्या आजींना उंबऱ्यावर बसविले आणि ‘आजी, तुम्ही फक्त डोंगराकडे बघा, बोलू नका’ असे सांगितले. आजींनी दहा मिनिटे डोंगर पाहिला. मग मला म्हणाल्या, ‘मास्तर, ह्यो डोंगर म्यां सत्तर वर्सं बघतीया. बोलायचं न्हाई तर मला बसवली कशापायी?’ मी मुलांना ते सांगितले. ती हसली आणि पुन्हा कॅमेरा लावू लागली. आजींच्या त्या वाक्यात सबंध चित्रपट होता, तो घेतला गेला नाही.

कोणी म्हणेल, शहरातली मुले. त्यांना खेडे कसे कळणार? हे मला मान्य नाही. १९३६ चा ‘संत तुकाराम’ आठवा. दामले आणि फत्तेलाल ह्यांनी देहू गाव स्टुडिओत उभे केले. ही इंद्रायणी आमच्याच डोंगरातून उगम पावून देहूस जाते. पण खरी इंद्रायणी तेथे आहे की नाही ह्याकडे आपले लक्षही जात नाही. गौरीबाईंची जिजाई म्हशीशी, पोरांशी, देवाशी आणि नवऱ्याशी एकाच पट्टीत भांडते, आणि त्या भांडणात देहूचे सगळे अर्थकारण येते. पागनिसांचे तुकोबा वैकुंठाकडे पाहतात तेव्हा घरात दाणा आहे की नाही हे आपल्याला माहीत असते. ते जिजाईने सांगितलेले असते. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात ह्या चित्रपटाचा गौरव झाला, त्याचे नवल वाटू नये. जेथे ते देहू उभे राहिले, त्याच आवारात आज मुले शिकतात. कधी कधी वाटते, त्यांना पहिले सहा महिने फक्त जिजाईचे बोलणे ऐकवावे.

तक्रार पुरे. चांगल्या वह्याही आहेत, आणि त्या फार चांगल्या आहेत.

उमेश कुलकर्णी ह्यांनी पुण्याच्या संस्थेत शिकताना केलेली ‘गिरणी’ (२००४) ही त्यातली एक. पुढे ‘वळू’, ‘विहीर’, ‘देऊळ’ करणारा दिग्दर्शक येथे आधीच हजर आहे. गोष्ट इतकी साधी की दोन वाक्यांत संपते : घर चालविण्यासाठी आई पिठाची गिरणी घेते; मुलाला आधी आनंद होतो, मग तीच गिरणी त्याच्या जिवावर येते. ह्या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण मला त्यातला आवाज पुरस्काराहून मोठा वाटतो. गिरणीची घरघर प्रथम घरात येते, मग अभ्यासात, मग शाळेत, मग मुलाच्या नावात. ध्वनी हे तंत्र आहे आणि दारिद्र्य हा विषय आहे, असे दोन कप्पे येथे करताच येत नाहीत. आईची कमाई आणि मुलाचा छळ एकाच आवाजात आहेत. आईला दुष्ट केलेले नाही, मुलाला बिचारा केलेला नाही. शेवट सांगत नाही. माझ्या वर्गात तो पाहून दोन मुले आनंदाने ओरडली आणि एक मुलगी, जिची आई लोकांचे डबे करते, गप्प बसली. एकाच शेवटाने ह्या दोन्ही गोष्टी घडाव्यात, हे सोपे नव्हे.

दुसरी वही कन्नड आहे. चिदानंद नाईक हे म्हैसूरकडचे डॉक्टर. पुण्याच्या संस्थेत टेलिव्हिजन दिग्दर्शनाच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमास आले आणि अखेरीस त्यांनी सोळा मिनिटांचा चित्रपट केला. एक म्हातारी गावाचा कोंबडा चोरते आणि सूर्य उगवेनासा होतो, ही लोककथा. २०२४ मध्ये कान महोत्सवाच्या विद्यार्थी विभागात त्याला पहिले पारितोषिक मिळाले. चित्रीकरण चार दिवसांत झाले. छायालेखन, संकलन, ध्वनी सारे विद्यार्थ्यांचेच. येथेही म्हातारी आहे आणि अंधार आहे. पण ही म्हातारी डोंगराकडे पाहत बसत नाही, ती चोरी करते! गावाला वेठीस धरते. चित्रपटाला तिची कीव येत नाही, थोडी भीती वाटते. आणि म्हणून ती जिवंत आहे. माझा एक आक्षेप आहे. मधल्या भागात अंधार इतका देखणा होतो की कोंबड्याचा विसर पडू लागतो. सोळा मिनिटांत हा दोष फार बाधत नाही. सोळाशे जणांच्या गावात बाधला असता.

तिसरी वही पुण्याचीही नाही. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. मराठीत एम. ए. झाल्यावर अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) न्यू आर्ट्स महाविद्यालयात ते संज्ञापन शिकले आणि शिकतानाच त्यांनी ‘पिस्तुल्या’ केला. शाळेत जाऊ पाहणाऱ्या, पण शाळेबाहेर राहिलेल्या पोराची ही गोष्ट. चित्रे कोठे कोठे ओबडधोबड आहेत. पण शाळेकडे बाहेरून पाहण्याची त्या मुलाची उंची कॅमेऱ्याने अचूक घेतली आहे. मी शाळेच्या आत उभा राहणारा मनुष्य. मला ती भिंत त्या बाजूने कधी दिसली नव्हती.

‘फँड्री’ (२०१३) हा ह्याच वहीचा पुढचा पाठ. डुक्कर पकडण्याच्या धांदलीत शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते आणि जब्या व त्याचे घरचे जागच्या जागी उभे राहतात. मेलेले डुक्कर काठीला टांगून नेताना मागच्या भिंतीवर आंबेडकर, फुले, सावित्रीबाई. आणि शेवटी जब्याने भिरकावलेला दगड सरळ कॅमेऱ्यावर, म्हणजे आपल्यावर येतो. ह्या तिन्ही ठिकाणी तंत्र कोणते आहे? कॅमेरा कोठे ठेवावयाचा, एवढेच. पण तो कोठे ठेवावयाचा हे ठरविण्यासाठी गावात आपण कोठे उभे होतो हे आठवावे लागते. भिंतीवरची चित्रे जरा अधिक बोलतात, असे मला आजही वाटते. दगड मात्र मुळीच अधिक नाही.

म्हणून मला एका गोष्टीची काळजी वाटते. पुण्याच्या संस्थेतल्या मुख्य अभ्यासक्रमांना पदवी लागते. तिथवर आमच्या भागातली किती मुले पोहोचतात हे मी दर वर्षी दहावीच्या निरोपसमारंभात पाहतो. मुलींची लग्ने होतात, मुलगे लोणावळ्याच्या हॉटेलांत नाहीतर द्रुतगती मार्गावर कामाला लागतात. त्यांच्या खिशात कॅमेरा आहे. दादासाहेबांनी विलायतेहून आणलेल्यापेक्षा तो कितीतरी शहाणा आहे. कुंडी मात्र कोणी दाखवीत नाही. नगरच्या महाविद्यालयाने जे केले, ते तालुक्याच्या महाविद्यालयांना का करता येऊ नये? एक खोली, काळे पडदे, आठवड्याला एक चित्रपट, आणि त्यावर तासभर भांडण. संग्रहालयातून एके काळी चित्रपट गावोगावच्या फिल्म सोसायट्यांकडे जात असत. पिंपरी-चिंचवडपर्यंत जे येऊ शकते, ते मावळात यायला घाटही आडवा येत नाही.

तोवर घरच्या घरी एवढे करावे. भाऊबीजेला मुले जमतात. फराळ आटोपल्यावर त्यांना एखादा विद्यार्थी-चित्रपट दाखवावा. ‘गिरणी’ मिळाली तर उत्तमच. पण लावण्यापूर्वी पंखा बंद करावा आणि बाहेरचे फटाके थोडे थांबू द्यावेत. सुरुवातीची घरघर फार हळू आहे.