संकेतस्थळ : एका शब्दाची आणि एका पत्त्याची चिकित्सा

‘वेबसाइट’ला मराठीने ‘संकेतस्थळ’ हा शब्द दिला. संस्कृत काव्यपरंपरेत संकेतस्थळ म्हणजे प्रियकर-प्रेयसीने आधी ठरवून ठेवलेली भेटीची जागा. अभिसारिका रात्री घराबाहेर पडते ती या जागेकडे. शब्द घडवताना ही छटा कोणाच्या मनात होती की नव्हती, हा प्रश्न बाजूला ठेवू. पण तिच्यासोबत एक गृहीतक मराठीत आले. भेटायला कोणीतरी जाते, हे ते गृहीतक. ‘आमच्या संकेतस्थळाला भेट द्या’ असे आपण आजही छापतो. प्रत्यक्षात मात्र कोणी कुठेही जात नाही. जाते ती चार ओळींची मागणी, आणि येते ती मजकुराची प्रत.

प्रवासाची ही भाषा मराठीची एकटीची नाही. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संस्थेत पहिला ब्राउझर लिहिला. पुढे आलेल्या ब्राउझरांची नावे पाहा : नॅव्हिगेटर, एक्सप्लोरर, सफारी. सुकाणू धरणारा, शोधयात्री आणि जंगलातली सफर. मूळ इंग्रजी क्रियापद मात्र गुराढोरांनी कोवळा पाला खुडत हिंडण्याचे आहे. त्या मानाने मराठीतला ‘न्याहाळक’ हा शब्द कोणी फारसा वापरत नसले तरी अधिक खरा वाटतो. न्याहाळणारा जागेवरच बसलेला असतो.

आता एक साधा पत्ता घेऊ : ‘एमआर डॉट विकिपीडिया डॉट ओआरजी’, म्हणजे मराठी विकिपीडिया. आपण तो डावीकडून वाचतो. यंत्रणा तो शेवटाकडून उलगडते. टपालातही हेच चालते. पाकिटावर नाव आधी, मग मु. पो., तालुका, जिल्हा. पण वर्गवारी करणारा आधी जिल्हा बघतो, नाव सर्वांत शेवटी. ब्राउझर प्रथम स्वतःची आणि संगणकाची आठवण चाचपतो. तिथे उत्तर नसेल तर तो रिझॉल्व्हर नावाच्या मध्यस्थाला विचारतो. मध्यस्थालाही ठाऊक नसेल तर तो मूळ सर्व्हरकडे जातो. या मूळ सर्व्हरांची नावे १३ आहेत, प्रत्येक नावामागे जगभर पसरलेली अनेक यंत्रे. ते विकिपीडियाचा पत्ता सांगत नाहीत. ‘ओआरजी’ची नोंद कोण ठेवते, एवढेच सांगतात. तिथून ‘विकिपीडिया’ची नोंद ठेवणाऱ्याचे नाव मिळते, आणि तो शेवटी आकड्यांतला पत्ता देतो. सगळे कोणालाच ठाऊक नसते. प्रत्येकाला फक्त पुढच्या दाराची माहिती.

म्हणूनच लोकप्रिय लेखनात हमखास येणारी ‘इंटरनेटची टेलिफोन डिरेक्टरी’ ही उपमा मला खटकते. डिरेक्टरी खरोखरच होती. अर्पानेटच्या काळात स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट सर्व यंत्रांच्या नावांची एकच यादी सांभाळत असे आणि इतर जण तिची प्रत उतरवून घेत. यंत्रे वाढली तशी यादी पुरी पडेना. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी मांडलेली आजची रचना त्या यादीला पर्याय म्हणून आली. म्हणजे ही उपमा जुन्या व्यवस्थेचे अचूक वर्णन करते आणि तेच नव्या व्यवस्थेच्या नावावर खपवते. ‘वाट विचारत जाणे’ ही आपली साधी बोली इथे अधिक अचूक आहे. शिवाय मिळालेल्या उत्तरावर मुदत लिहिलेली असते. ती संपली की पुन्हा विचारायचे.

पुढचे थोडक्यात. आकडा मिळाल्यावर दोन यंत्रांत तीन निरोपांची ओळख होते, प्रमाणपत्र तपासले जाते, गुप्त संभाषणाची किल्ली ठरते आणि मग पानाची मागणी जाते. पान आले की त्यात उल्लेखलेली चित्रे, अक्षरमुद्रा, सजावटीचे नियम यांच्यासाठी नव्याने मागण्या. पान सापडले नाही तर ‘४०४’. पण ४०४ म्हणायलाही समोर कोणीतरी असावे लागते. नावाची नोंदणीच संपली तर उत्तर द्यायला कोणी उरत नाही, किंवा भलताच कोणी उरतो. ‘डॉट कॉम’सारखे नाव विकत मिळत नाही, ते भाड्याने मिळते आणि एका वेळी फार तर १० वर्षांसाठी. बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच लिहून ठेवले होते की चांगले पत्ते बदलत नाहीत. आपल्या प्रबंधांच्या तळटिपांत वेबपत्ते वाढत चालले असताना हे भाडे कोण भरत राहणार, हा प्रश्न संदर्भशास्त्राचाही आहे.

आणि मग लिपीचा प्रश्न. नावांची ही व्यवस्था मुळात रोमन अक्षरे, आकडे आणि आडवी रेघ एवढ्यांवर उभी राहिली. २०१४ साली ‘डॉट भारत’ देवनागरीत सुरू झाले, मराठी-कोंकणीसह आठ भाषांसाठी. आपण ‘भारत’ टंकतो. तारेवरून मात्र ‘एक्स एन, दोन रेघा, एच टू बी आर जे नाइन सी’ असे जाते. (रोमन रूप इथे देवनागरीत लिहिताना माझी जी अडचण झाली, तीच उलट बाजूने यंत्रणेची.) डोमेनच्या पुढच्या भागात वेगळीच तऱ्हा : ‘मराठी’ या शब्दातल्या पाच चिन्हांची पत्त्यात टक्के-चिन्हांसह ४५ अक्षरे होतात. पत्ता चिकटवताना अर्धी ओळ भरून येणारा तो कचरा म्हणजे आपलाच शब्द असतो.

खरी कसोटी ‘ऱ्य’ची. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतला फरक तर शाळेतच शिकवला जातो. संगणकावर हा अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो : नुक्त्याच्या ‘ऱ’ने, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच. २००३च्या आंतरराष्ट्रीय नियमांत पत्त्यातले हे अदृश्य चिन्ह गाळले जाई. मग दुसऱ्या प्रकारे टंकलेल्या ‘दऱ्या’चा मुकाट ‘दर्या’ होई. २०१०च्या नियमांनी हलन्तानंतर ते चिन्ह ठेवायला मुभा दिली. पण त्यामुळे दिसायला एक आणि यंत्राला दोन, असे पत्ते शक्य झाले. नोंदणी करणाऱ्याने स्वतःच्या नियमांनी ते रोखले तरच टळतात. शुद्धलेखनावर आपल्याकडे इतकी भांडणे झाली, पण या अर्ध्या ‘र’ची पत्त्यातली जागा कोणत्या नियमाने ठरते, याकडे आपल्या व्याकरणचर्चेने अद्याप पुरेसे पाहिलेले नाही. तो नियम अभियंत्यांच्या मसुद्यांत लिहिला जातो, आणि ते मसुदे कोणालाही वाचायला खुले असतात.